नडीन आत्याच्या दोन बॅगा

९ जून, मंगळवार

प्रिय कॉरिन,

रविवारी तू चार्ल्स्टनला परत गेलीस ती बीन्सचा डबा इथंच विसरून. दोन दिवस मी तेच खातोय. आई असती तर म्हणाली असती, बाप-लेक एकाच माळेचे मणी.

शाळेला सुट्टी लागली. माझी चौदा नंबरची बस आवारात उभी आहे. तरी पहाटे साडेचारला जाग येतेच, मग कॉफी घेऊन पोर्चवर बसतो. हरणांनी तुझा भोपळ्याचा वेल पार फस्त केला. आई गेल्यापासून हे घर खायला उठतं, कॉरिन. तुला कधी बोललो नाही, कारण ड्रायव्हर माणसानं रडगाणं गायचं नसतं असं मला वाटायचं.

रविवारी टेबलावर कागद पसरून तू मला समजावलंस, मी पहिलीच्या पोरांना बसमध्ये समजावतो तसं. जुलैपासून नवीन विद्यार्थ्यांना डॉक्टरकीसाठी सरकार वर्षाला पन्नास हजार डॉलरच कर्ज देणार, वर एक छदामही नाही. तुझ्या कॉलेजचा खर्च, राहणं-खाणं धरून चौऱ्याऐंशी हजार. उरलेल्यासाठी खाजगी बँक, आणि बँकेला जामीन हवा. मी सही करतो म्हटलं तर तू कागद ओढून घेतलेस. उद्या काही कमीजास्त झालं तर बँक तुझ्या दारात येईल, म्हणालीस. येत्या सोमवारी, पंधरा तारखेला, कॉलेजला नकार कळवायचा आणि औषधाच्या दुकानातल्या नोकरीतच राहायचं, असं तू ठरवूनही टाकलंस.

मी एवढंच म्हणालो, गेल्या वर्षी प्रवेश मिळाला तेव्हाच गेली असतीस तर जुन्या नियमात बसली असतीस, निदान पहिली तीन वर्षं तरी. तेव्हा तू माझ्या हातावर हात ठेवून म्हणालीस, "डॅड, ते वर्ष मी माझ्या मनानं थांबले. त्याचं खापर कुणावर फोडायचं नाही."

मी उठून बीन्स ढवळत बसलो. खाली काही लागलं नव्हतं. तुझ्याकडे बघवत नव्हतं, म्हणून ढवळत होतो.

गेल्या जूनमध्ये बसच्या पायरीवरून पडून माझं खुब्याचं हाड मोडलं. तू रात्रंदिवस माझ्या उशाशी. जुलैत तू कॉफी आणायला गेली असताना डॉक्टर म्हणाले, ऑगस्टच्या मध्यावर तुम्ही काठी घेऊन चालाल, सोबतीला कुणीही असलं तरी चालेल. तुला मी सांगितलं, ते म्हणतात वर्ष जाईल. आणि आत्या. नडीनला जमत नाही, तिचे गुडघे दुखतात, असं मी तुला सांगितलं होतं ना? तिनं ओहायोत दोन बॅगा भरून दाराशी ठेवल्या होत्या. नाताळपर्यंत राहायच्या तयारीनं निघाली होती बिचारी. मीच फोन करून सांगितलं, येऊ नकोस, कॉरिन आहे. तिला वाटलं, तू स्वतःहूनच थांबलीस. तुला वाटलं, आत्यानं पाठ फिरवली. नाताळात तू तिच्याशी धड बोलली नाहीस, तेव्हाही मी ताटात मान घालून जेवत राहिलो. ऑक्टोबरपासून काठीची गरज नव्हती. तुझी गाडी वळणावर दिसली की हातात घ्यायचो.

नियम बदलणार हे मला ठाऊक नव्हतं, शप्पथ. पण तू दूर निघून जाशील एवढं ठाऊक होतं, आणि मला रिकामं स्वयंपाकघर सोसवत नव्हतं. एक वर्षानं काय बिघडतंय, असं मनाला समजावलं. तू थांबली नव्हतीस, पोरी. मी तुला थांबवलं.

रविवारी तोंडावर सांगणार होतो. धीर झाला नाही, म्हणून हे पत्र. बँकेचा कागद सोबत आहे. काल दुपारी वाचनालयात तो छापून घेतला आणि जामिनाच्या जागी सही केली. उभ्या आयुष्यात मी कुणाचा हप्ता चुकवला नाही, फोन करून विचारलं तर बँकेला तेवढं पुरलं. वरची जागा तुझ्या सहीची आहे. सोमवारच्या आत कर. माझे उपकार मानू नकोस, हे ओझं मुळात माझंच आहे. खोटं वाटत असेल तर आत्याला फोन करून त्या दोन बॅगांचं विचार. तसाही तुझा एक फोन मी तिला देणं लागतोच. माझ्यावर रागाव, वर्षभर बोलू नकोस, मी सोसेन. पण डॉक्टर होऊन रागाव.

तुझाच, आणि काठीशिवाय उभा असलेला,
डॅड