नळाजवळची सरी

६ जुलै

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

माझ्या जागी तुम्ही शेतावर पोचल्याचं कळलं आणि जीव भांड्यात पडला. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून सगळं लिहूनच कळवतो. साखर वाढल्यामुळे आईच्या डोळ्याचं ऑपरेशन पुढे गेलं. तिच्याजवळ दुसरं कोणी नाही, त्यामुळे मला हलता येत नाही.

मी ज्यांच्याकडे कामाला आहे त्या बाई बटाट्याच्या नव्या जाती तयार करतात. औषध न मारता करपा रोगापुढे कोण टिकतं, ते पानांवरून ठरवतात. सगळ्यात रोगट सरी त्या उपटायला लावतात, बाकीच्यांना पुढच्या वर्षी जागा मिळते. नळाजवळची सरी माझी आहे. एका जातीचा पराग मी ब्रशने दुसरीच्या फुलांना लावला, त्या बियांची ही रोपं. दुसरीकडे ती कुठेच नाहीत. बाई येत्या आठवड्यात येतील. तोवर रोपांकडे बघा, माझ्या सरीकडे जरा जास्तच. औषध मात्र कसलंही नको.

जेवण वेळेवर घ्या. लोभ आहे तसाच राहू द्या.
तुमचा भाचा


१० जुलै

चि. भाच्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्रात एकही वेलांटी चुकली नाही. शाळा सुटली, पण शुद्धलेखन काही तुला सोडत नाही. मास्तर व्हायचा तो बटाट्यांत जाऊन बसलास.

आता ऐक. परवा पानांवर काळे डाग दिसले. औषधाला मी हात लावलेला नाही, उगाच घाबरू नकोस. शिलाईचं दुकान बंद केलं तरी काजं कापायची कात्री माझ्या पिशवीत असतेच. डाग दिसला की पान देठाजवळ कापायचं, असं सगळं शेत साफ केलं. तुझ्या सरीत तर नळामुळे चिखलाचे शिंतोडे उडालेली पानंसुद्धा ठेवली नाहीत. कापलेली पानं लगेच जाळली. शेत आता इस्त्री केल्यासारखं दिसतंय. बाई खूश होतील.

माझ्या बहिणीला सांग, तिचा भाऊ म्हातारपणी शेतकरी झाला. आठवण असू दे.
तुझा मामा


१३ जुलै

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. बघा म्हणजे नुसतं बघा, असं मला म्हणायचं होतं. पण मी लिहिलं त्यातून तसा अर्थ निघत नाही, हे आत्ता कळतंय. डाग किती पडले आणि किती पसरले, यावरच तर पारख असते. आता एकही पान कापू नका. बाईंना सगळं खरं सांगा, चिखलाचंही. मी त्यांना फोन करतोय, पण लागत नाही. परवा आईचं ऑपरेशन आहे. त्याच दिवशी बाई येणार. मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून आहे, आणखी काय करू ते सुचत नाही.

रागावलो नाही. माया कमी करू नका.
तुमचा भाचा


१५ जुलै

चि. भाच्यास,
अनेक आशीर्वाद.

बाई आल्या. डाग नव्हते, म्हणून त्यांनी कापलेले देठ मोजले. सगळ्यात जास्त तुझ्या सरीत निघाले. मी चिखलाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, असेलही, पण डाग कुठले आणि शिंतोडे कुठले, ते आता कोण सांगणार? मला तर माझ्या कात्रीने काय कापलं, तेही शपथेवर सांगता येईना. भाच्याला येऊ द्या, तोवर थांबा, असं म्हणून पाहिलं. त्या म्हणाल्या, करपा थांबत नाही. बाई वाईट नाहीत रे. मलाच खुर्ची आणून दिली.

बाईंबरोबर आलेला गडी तुझी सरी उपटायला आला तेव्हा मी त्याला बाजूला केलं आणि माझ्या हातांनी रोपं काढली. मुळांना शर्टाच्या बटणाएवढे बटाटे लागले होते. तेही खड्ड्यात टाकायला लावले. आता इथे थांबू की जाऊ, तूच सांग.
तुझा मामा


१८ जुलै

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

आईचं ऑपरेशन नीट झालं. पट्टी आहे, म्हणून तुमचं पत्र मी वाचून दाखवलं, शेताचं वगळून. ती म्हणाली, माझा भाऊ एवढं थोडक्यात कधीपासून लिहायला लागला? मी म्हणालो, कामात आहेत.

मी येईपर्यंत थांबा, तिथे दुसरं कोणी नाही. पाणी दिवसाआड सोडा. नळाजवळची सरी वगळून पुढच्या सरीपासून सुरुवात करा.

तब्येत जपा, आमच्यावर जीव असू द्या.
तुमचा भाचा