मी आज नाहीये

१२ फेब्रुवारी

पुन्हा तेच! माझ्या तक्रार विभागातल्या शिमोजोची रजा — शून्य. मार्च संपायच्या आत प्रत्येकाने पाच दिवस रजा घ्यायलाच हवी, कायदाच आहे. याने घेतली नाही तर साहेब माझ्या नावाने शंख करणार. बोलावलं त्याला. मान खाली घालून उभा. "मॅडम, ऐन थंडीत लोकांचे गीझर बंद पडतात. मी गेलो तर तक्रारी कोण घेणार? तुम्हीच ना?" अरे, घेईन की! मेले नाहीये अजून. तर म्हणे, "आणि परत आल्यावर खाऊचा डबा घेऊन टेबलाटेबलाशी माफी मागत फिरायचं... त्यापेक्षा काम बरं."

कपाळ माझं!

१४ फेब्रुवारी

माझी रजा आज संपली. कागदावर. पाचही दिवस इथेच बसले होते. आल्या आल्या सांगून टाकलं, "मी आज नाहीये हं!" कुणी हसलंसुद्धा नाही. फोन वाजला, उचलला. मलाच विचारत होतं कुणी. "कुवाबारा आज रजेवर आहेत," मीच सांगितलं. मुख्य कार्यालयातली बाई होती. "अरे वा! विश्रांती हवीच हो," म्हणाली.

१८ फेब्रुवारी

खालचा नूडलवाला सूप म्हणून नुसतं गरम पाणी देतोय. तोंडावर सांगितलं. "सगळे तेच पितायत, बाई," म्हणे. उद्धट मेला! शिमोजो शेजारी बसून मिटक्या मारत पीत होता. त्याला काय, उपाशी माणूस.

२३ फेब्रुवारी

आईकडून बरणी आली. उमेबोशी, खारवून वाळवलेली आंबट उमे फळं. भातावर एक घेतली — मीठच नाही! आंबटपणाही नाही. गावी मिनाबेत जन्म गेला बाईचा उमे खारवण्यात आणि यंदा ही गत. लगेच फोन लावला. "सायो, हात तोच, मीठ तेच. बाबांनी एकीवर दोन वाट्या भात संपवला." मी म्हटलं, "बाबांचं काय घेऊन बसलीस! तूच विसरलीस मीठ घालायला. वय झालं आता."  मग हळूच, "असेल बाई. येतेस कधी?"

मार्च संपल्यावर, म्हटलं.

२ मार्च

साहेब ओरडले. मग मी शिमोजोची खुर्ची उचलली आणि भांडारात नेऊन कुलूप लावलं. "जा घरी! तोकुशिमाला जा, आईच्या हातचं खा, झोप!" उभ्याउभ्या फोन घ्यायला लागला! हातातून काढून घेतला. शेवटी गेला एकदाचा.

त्याच्या तक्रारी आता माझ्याकडे. चालायचंच.

५ मार्च

बाबांचा फोन. ते सहसा करत नाहीत. "आईला काय बोललीस? स्वयंपाक करताना मला समोर उभं करते. मीठ घातलं ना मी, बघितलंत ना, असं दहादा विचारते. रात्री रडत होती." मला फोनवर फोन येत होते. नंतर बोलते म्हटलं. वैताग नुसता! मी काय खोटं बोलले होते?

९ मार्च

शिमोजो आला. चेहरा चक्क माणसासारखा दिसतोय. खाऊचा डबा घेऊन वाकत वाकत फिरला — "माझ्यामुळे त्रास झाला, माफ करा." तोकुशिमाच्या लिंबाची साल, साखरेत घोळवलेली. एकेकाची तोंडं वाकडी! "आई गं, केवढं आंबट!" डोळे मिटून घेतायत, हसतायत. मी फायली बघता बघता तीन खाल्ल्या.

शिमोजो तिथेच उभा. हसणं थांबलेलं. "मॅडम... लागलं नाही आंबट?"

"बरं आहे की."

"माझ्या मोठ्या भावाची काम करकरून अशीच चव गेली होती. मग झोप गेली. मग एके दिवशी दारातून पाऊलच उचलेना त्याचं."

डॉक्टर आहेस का तू, म्हटलं. चिडले. सगळ्यांसमोर चिडले. मग चहाच्या खोलीत जाऊन दार लावलं आणि चमचाभर मीठ जिभेवर ठेवलं.

काही नाही. वाळू.

१० मार्च

रजेवर. खरीखुरी. मिनाबेच्या गाडीत आहे. स्टेशनवरूनच फोन केला — "आई, मीठ होतं गं. तू काही विसरली नव्हतीस."