घंटा मीच वाजवली

सोमवार, ३

नको तो बिल्ला! आज घरी आल्या आल्या कपाटावर भिरकावला, तर दादाने हात वर करून काढून दिला. म्हणे, "फौजदारीणबाई, आपलं हत्यार विसरलात."

शिस्तदूत म्हणे! उपमुख्याध्यापक सरांची कल्पना. आम्ही त्यांना घड्याळ म्हणतो, कारण बोलताना ते माणसाकडे बघतच नाहीत, मनगटाकडे बघतात. शाळेत कॅमेरे नाहीत, म्हणून प्रत्येक वर्गात एक शिस्तदूत. कोण पळालं, कोण च्युइंगम चघळत होतं, ती नावं शाळा सुटताना सरांना सांगायची. सातवीतून मी. का? तर "हिची कधी तक्रार नाही." घ्या! तक्रार नाही हाच माझा गुन्हा!

वर्गात माझं नवं नाव सीसीटीव्ही. मी आले की सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. मधल्या सुट्टीत डबा उघडला तर आजूबाजूचे बाक रिकामे. एक भोंगा तेवढी बसली. ती माझी पहिलीपासूनची बाकमैत्रीण. कुजबुजली तरी शेजारच्या वर्गाला ऐकू जातं, म्हणून भोंगा. पण आज तीसुद्धा म्हणाली, "बसते मी, पण मोजूनमापून बोलते हं. माझ्या दोन झाल्यात."

दोन लाल चिठ्ठ्या. पिवळी म्हणजे किरकोळ — उशीर, पळापळ, खोटं बोलणं. लाल म्हणजे मोठं. तीन लाल झाल्या की शाळेतून नाव कमी! भोंगाची पहिली लाल खिडकीच्या काचेची. तिने लगेच कबूलही केलं होतं. दुसरी स्नेहसंमेलनातली. पाहुण्यांचं भाषण चालू होतं आणि हिने मैदानापलीकडच्या मैत्रिणीला हाक मारली. पाहुणे एवढे दचकले की पुढचं भाषणच विसरले. "शाळेचे काम बंद पाडणे." लाल.

माझ्याशेजारी बसून डबा खायची तिला भीती वाटते. मला!! मला घाबरते ती!

मंगळवार, ४

सूचनाफलकावरची नियमावली आज शेवटपर्यंत वाचली. सगळ्यात खाली बारीक अक्षरात — शिस्तदूतास कोणत्याही रंगाची चिठ्ठी मिळाल्यास बिल्ला काढून घेतला जाईल.

एक चिठ्ठी! एवढंच ना? उद्यापासून मी बिघडणार.

बुधवार, ५

बिघडणं सोपं नाही.

वऱ्हांड्यातून जीव खाऊन पळाले. मुद्दाम खेळाच्या सरांसमोरून. सर म्हणाले, "सावकाश गं, पडशील. काही तातडीचं काम दिसतंय." माझ्या मागून भोंगा नुसती भराभर चालत येत होती. सर तिच्यावर खेकसले, "पळायचं नाही!"

मग तासाला च्युइंगम. चांगलं मचमच आवाज करून! बाई जवळ आल्या, वाकल्या. मी म्हटलं, आता आली पिवळी. तर म्हणतात, "घसा बसलाय का? गोळी घेतलीस ते बरं केलंस."

घरी दादा पोट धरून हसला. म्हणाला, "तुझं तोंडच गरीब गाईसारखं आहे, कोण काय करणार!" त्याला उशी मारली.

गुरुवार, ६

मुद्दाम उशिरा गेले. गेटवर घड्याळ स्वतः उभे. "शिस्तदूताच्या कामात होतीस ना? जा जा."

आता मोठंच काहीतरी करणार. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना — तसंच करायचं. हात दाखवायचा, सगळ्यांना दिसेल असा.

शुक्रवार, ७

केलं!!! आणि सगळं भलतंच झालं.

ऑफिसच्या बाहेर भिंतीवर घंटेचं बटण आहे. तिथे नेहमी शिपाईमामा स्टुलावर बसलेले असतात. चौथ्या तासाला मी पाणी प्यायला म्हणून निघाले, तर मामा सूचना वाटायला वर गेलेले. स्टूल रिकामं. मनात म्हटलं, हीच वेळ. आणि दाबलं बटण. शाळा सुटण्याची लांब घंटा — भर चौथ्या तासाला!

अख्खी शाळा बाहेर. दप्तरं, डबे, पाचवीतली पोरं तर ओरडत गेटापर्यंत. मी तिथेच उभी. पळाले नाही. पकडलं जायलाच तर आले होते! घड्याळ ऑफिसमधून धावत आले, माझ्या बिल्ल्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं झालं तू आहेस! यांना रांगेत लाव!"

मी ओरडले, "सर, मी वाजवली!" त्या कलकलाटात कुणाला काय ऐकू जाणार! गेटजवळ पाचवीतली दोघं पडली, रडायला लागली, मग मी खरंच रांगा लावत बसले. मी! माझ्याच घंटेच्या रांगा!

भोंगा दिसली होती मला. गणिताच्या तासाला तिला वर्गाबाहेर उभं केलं होतं, सूचनाफलकापाशी. बटण दाबताना आमची नजरानजरही झाली. रांगा लावून आले तेव्हा ती तिथे नव्हती.

शनिवार, ८

चोर सोडून संन्याशाला फाशी!

घड्याळांनी काल भोंगाला पकडलं. वर्गाबाहेर होती, घंटेजवळ होती, आणि भोंगा होती — झालं. आज फलकावर लावलंय. वेळेआधी घंटा वाजवणे — लाल. त्याखाली, खोटे बोलणे — पिवळी. "मी नाही वाजवली" म्हणाली असेल बिचारी. तेसुद्धा खोटं झालं!

तिसरी लाल. गुरुवारी तिच्या वडिलांना बोलावलंय, मग निर्णय. तोवर तिने वर्गात यायचं नाही, ऑफिसबाहेरच्या बाकावर बसायचं. तिच्याशी कोणी बोलायचं नाही.

तिने मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तरी माझं नाव घेतलं नाही. एक शब्द बोलली असती तर सुटली असती! एरवी पोटात काही राहत नाही हिच्या, आणि आज माझ्यासाठी गप्प. केवढी ती! आणि मी केवढी मूर्ख!

सरळ ऑफिसात जाणार होते. अर्धी शाळा, सर निघून गेले होते.

रविवार, ९

आईला सांगितलं सगळं. मला वाटलं आईसुद्धा म्हणेल, तू नाही करणार. आई म्हणाली, "मला लगेच पटलं. लहानपणी डब्यातली साखर संपवून मुंग्यांवर ढकलणारी तूच." इतकं बरं वाटलं! मग कान पिळला. मग म्हणाली, "उद्या जाऊन सांग. तुझं तू सांग. नाहीच ऐकलं तर मी येते."

संध्याकाळी भोंगाच्या घरी गेले. तिची आई दारातच म्हणाली, ती झोपलीय. आतून तिचा आवाज चांगला ऐकू येत होता. भावाशी भांडत होती.

रागावली असेल. रागवू दे. मी तिची लाल काढून घेणार म्हणजे घेणार.

सोमवार, १०

सांगितलं. सरांच्या टेबलासमोर उभं राहून, खणखणीत आवाजात. "सर, शुक्रवारी घंटा मी वाजवली. भोंगाने नाही."

घड्याळांनी मनगटाकडे बघितलं. मग चक्क हसले. "मैत्रिणीला वाचवायला स्वतःवर घेतेस? मोठं मन आहे तुझं. पण असं करू नये."

"सर, खरंच मी!"

"जा, तास बुडतोय तुझा."

भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. बाहेर भोंगा बाकावर बसलेली. बोलायचं नाही असा नियम. गेला खड्ड्यात नियम! तिच्याशेजारी जाऊन बसले. "भोंगे, ऐक, मी..." एवढ्यात घड्याळ बाहेर आले. मी मनात म्हटलं, निदान ह्याची तरी चिठ्ठी द्या! तर म्हणाले, "शिस्तदूत म्हणून समजावतेयस का तिला? छान. पण आता पुरे."

भोंगाने माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

मंगळवार, ११

आई शाळेत गेली होती. लालबुंद होऊन परत आली. पर्स खुर्चीवर आपटली. "मी सांगतेय की माझ्या मुलीने केलंय, आणि ते माझंच कौतुक करताहेत! म्हणे, घरचं वळण चांगलं आहे. पालथ्या घड्यावर पाणी गं बाई!"

दादा आज हसला नाही. जेवताना म्हणाला, "माझ्या वेळी याच शाळेत, वर्गात काहीही झालं की आधी मला उभं करायचे. निम्म्या वेळा मी त्या दिवशी गैरहजर असायचो."

बुधवार, १२

उद्या सकाळी अकराला भोंगाचे वडील येणार.

मला रडू येतंय, पण रडून काय होणार? काहीच नाही. विचार केला. सर माझं ऐकत नाहीत, ठीक. आईचं ऐकत नाहीत, ठीक. डोळ्यांनी बघितलं तर मानतील ना?

गुरुवार, १३

सगळं लिहून ठेवते.

अकराला भोंगाचे वडील आले. कामावरून तसेच, वेल्डिंगचे डाग पडलेल्या शर्टात. भोंगा त्यांच्या मागे. दार लागलं. मी बाईंना सांगून निघाले — "ऑफिसात काम आहे." बिल्ल्याचा शेवटचा उपयोग!

बटणापाशी शिपाईमामा स्टुलावर. शुक्रवारपासून जागचे हलत नाहीत. मी म्हटलं, "मामा, मला घंटा वाजवायचीय."

"सरांनी सांगितलं का?"

"नाही सांगितलं."

मामा हसले. "चेष्टा करतेस होय! सांगितल्याशिवाय तू कशाला येशील?" आणि उठून बाजूला झाले.

आतून भोंगाच्या वडिलांचा आवाज येत होता. "पोरगी ओरडून बोलते, मान्य. काच फोडली, मान्य. पण केलेलं नाकारत नाही ती, सर. आजवर कधी नाही."

मी बटण दाबलं. आणि सोडलंच नाही.

कान फाटायची वेळ आली. वर्गांची दारं धडाधड उघडली. मामा "अगं पुरे, पुरे!" करत राहिले. घड्याळ बाहेर आले. मागे भोंगा, तिचे वडील, खेळाचे सर, सगळे. मी हात तसाच ठेवला.

"काढ तो हात!"

"आधी सांगा, मी काय करतेय?" माझा आवाज असा निघाला की भोंगाच वाटले मी!

"घंटा वाजवतेयस!"

"कोण वाजवतंय?"

"तू! तू वाजवतेयस!"

मग सोडलं बटण. एकदम शांत झालं. म्हटलं, "हेच सोमवारपासून सांगतेय मी. शुक्रवारीसुद्धा मीच. अशीच. इथेच. भोंगा तर आत्ता तुमच्याजवळ आत होती."

भोंगाच्या वडिलांना हसू आवरेना. तोंडावर रुमाल धरला त्यांनी. घड्याळांनी सवयीने मनगटाकडे बघितलं आणि पहिल्यांदा, अगदी पहिल्यांदा, मान वर करून माझ्या तोंडाकडे नीट बघितलं.

बिल्ला गेला. लाल चिठ्ठी मिळाली, दोन घंटांची मिळून एक. भोंगाची लाल रद्द! शाळेत राहणार ती! आठवडाभर शाळा सुटल्यावर मी पाचवीचे वर्ग झाडायचे. झाडीन! नाचत झाडीन! आईने घरी वेगळं ऐकवलं ते वेगळं. दादाने लाल चिठ्ठी हातात घेऊन निरखून बघितली. म्हणाला, "घराण्याचं नाव राखलंस."

भोंगा वडिलांबरोबर लगेच घरी गेली.

शुक्रवार, १४

भोंगा बाकावर परत. मधल्या सुट्टीत डबा उघडून म्हटलं, "भोंगे, तू मला पाहिलं होतंस ना? मग शेवटपर्यंत माझं नाव का नाही घेतलंस गं?"

ती खायची थांबली. आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलली.

"घेतलं की. तिथल्या तिथे. 'तिने वाजवली, मी बघितलं' म्हटलं. पिवळी त्याचीच आहे."

लाल रद्द झाली. ती पिवळी अजून फलकावर आहे. आत्ताच बघून आले. घड्याळ आज लवकर गेलेत. उद्या सकाळी गेटवर सगळ्यात आधी मी उभी असेन.