ढब्बूच्या कार्डावरची लाल फुली

आणि वर मलाच लिहितोस, 'ढब्बूला रविवारी लाकडाच्या वखारीत राखणीला देऊन टाकतोय, तूच म्हणालीस ना चावरा आहे!' दादा, माणसाने बहिणीचं इतकंही ऐकू नये. (नमस्कार राहिला. नमस्कार. वहिनीचा खोकला कसा आहे? माझा गुडघा आता बरा. त्यानेच सगळा घोळ केला.)

बावीस वर्षं मी जनावरांच्या दवाखान्यात जनावरं धरते, तुला ठाऊकच आहे. मानगूट पकडून कान मुठीत घेतला की भलाभला कुत्रा गार. जो गुरगुरेल त्याच्या कार्डावर लाल फुली. (डॉक्टरांसारखं इंग्रजीत लिहिणं मला जमत नाही, फुली जमते.) ढब्बूलाही तशीच मारली.

आता नवी डॉक्टरीण आलीय. पोरच आहे. कुत्र्याला टेबलावर घेतच नाही, स्वतः फरशीवर बसकण मारते, त्याच्याकडे पाठ करून, आणि वाट बघते. मी म्हटलं, बाई, बाहेर रांग लागलीय, तुम्ही काय ध्यानाला बसलात? तर म्हणते, "मावशी, तो जांभई देतोय बघा. घाबरलाय." (जांभया देत घाबरणारा मी एकच पाहिला होता, तुझा धाकटा, परीक्षेच्या दिवशी.)

मग गुडघ्यापायी आठ दिवस रजा झाली. परत आले तर कंपाउंडर दात काढत म्हणतो, "मावशी, आठ दिवसांत कुणी कुणाला चावलं नाही हो!" मी म्हटलं, आजारी कुत्री आलीच नसतील. तेवढ्यात एक थोराड फुलीवाला आत आला, सगळ्यांना हुंगलं, मला बघितलं आणि उभ्या उभ्या मुतला. भरल्या दवाखान्यात! फरशी मीच पुसली, दादा. मान वर करवेना.

संध्याकाळी डॉक्टरणीने फुलीची सगळी कार्डं काढली. ओरडली असती तर मी दोन शब्द परत तरी दिले असते. ती नुसती वाचत गेली. याची कंबर दुखत होती, हिचा दात किडलेला. ही मुकी जनावरं आधी अंग चोरतात, तोंड फिरवतात, ओठ चाटतात. कुठे दुखतं ते सांगतात, आपण ऐकलं नाही की मग गुरगुरतात. मी त्याला माज म्हणत आले. ढब्बू डोकं एका बाजूला पाडायचा, आठवतं? ते तिला सांगितलं, तर कान आतून पिकला असणार, म्हणाली. मी त्याला त्याच कानाला धरलं होतं. आणि माझ्या शब्दावर तू त्याला सहा महिने परसात साखळीला ठेवलंस.

असो. खुशाली कळावी म्हणून लिहिलं.

तुझी बहीण

ता. क. खुशाली कसली! त्याला वखारीत देऊ नकोस, दवाखान्यात आण. मी हात लावणार नाही, औषधांच्या खोलीत दार लावून बसेन.

आणखी ता. क. हे वहिनीला वाचून दाखवू नकोस. तो चावलाच नव्हता. पिंजऱ्यात घालताना दात नुसते टेकवले आणि सोडले. रक्त आलं ते पिंजऱ्याच्या कडीत माझं बोट चेमटून. माझ्या हातून जनावर सुटलं हे सांगायची लाज वाटली, म्हणून फुली मारली.

बरं, दाखव वहिनीला. पण शुक्रवारपर्यंत उत्तर पाहिजे. नाही आलं तर शनिवारी मीच येते, आणि परसात ढब्बूकडे पाठ करून बसते. तो हुंगायला येईपर्यंत उठणार नाही, मग गुडघ्याचं काय व्हायचं ते होवो.