रानसुरण फुलला आणि कोंडिबा गेले

ती. दुर्गाआत्या,

ऐरोलीहून अरविंदचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? उरणला पाणी वेळेवर येतंय ना? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. म्हणजे जे गेले असं वाटलं होतं, तेही खुशालच आहेत. ते कसं, हे सांगायलाच बसलोय, कारण माझाच अजून नीट उलगडा झालेला नाही.

मागच्या वर्षी तू डोंगरावरचा रानसुरणाचा कांदा दिला होतास (ताटाएवढा, पिशवी फाडून बाहेर आलेला) आणि म्हणाली होतीस, "काय करू नको, मातीत पुरून ठेव, आपलाच येल." तसा ठेवला. मोठी कुंडी, तळाला विटांचे तुकडे, वर शेणखत, पाणी बेताचं. पावसाळ्यात छत्रीसारखं एकच पान आलं, थंडीच्या तोंडावर पिवळं पडून आडवं झालं. मी म्हटलं, मेला. पण यंदा मे महिन्यात कोंब फुटला आणि पानाऐवजी वर आलं ते फूल! वांग्याच्या रंगाचं, कडेला झालर, मधोमध सुरकुतलेलं बोंडकं (रागावलेल्या व्याह्याने फेटा बांधावा तसं). मला भारी कौतुक. फोटो काढले. तुला ठाऊकच आहे, करोनापासून माझं नाक फक्त चष्मा ठेवायला उरलंय. त्यात नमिता तिच्या बहिणीकडे दिघ्याला गेलेली. म्हणजे घरात वास येईल असं माणूसच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जिन्यात ही गर्दी! सगळ्यांच्या नाकाला रुमाल. आधी उंदीर शोधला, मग ड्रेनेज उघडलं. मीही सगळ्यांबरोबर वाकून वाकून शोधत होतो (काय शोधतोय ते न कळता). मग आमचे सेक्रेटरी स्वानंद हळूच म्हणाले, "वास वरून येतोय. कोंडिबा दिसले का कुणाला?" आणि सगळे जिना चढून वर धावले. कोंडिबा आमच्या डोक्यावरच राहतात. मूळचे साताऱ्याकडचे, वाशी मार्केटात माथाडी होते, आता एकटेच. बेल वाजवली, उघडेनात. फोन लावला, तर तो आतच वाजत राहिला.

कुणीतरी त्यांच्या मुलाला, आकाशला, कळवलं. त्याचा कळंबोलीला ट्रकचा धंदा. त्याच्याच लग्नात मानपानावरून बापाशी वाजलं, तेव्हापासून बोलणं बंद. तो धावत आला आणि दारावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. "बाबा, मी आलोय, उघडा," एवढंच म्हणत होता. शेवटी कुलूपवाल्याने दार उघडलं. आत वास तर भपकन (असं सगळे म्हणाले), पण माणूस नाही! कॉटखाली बघितलं, बाथरूममध्ये बघितलं, स्वानंदनी गोंधळून फ्रीजसुद्धा उघडला. त्यांची स्वयंपाकघराची खिडकी उघडी आणि तिच्या खाली बरोबर माझ्या बाल्कनीतली कुंडी, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

तेवढ्यात जिन्यावरून हातात लाडवांचा पुडा घेऊन कोंडिबा आले. पनवेलला भाचीच्या लग्नाला गेले होते, मोबाईल घरी विसरून. गर्दी बघून त्यांनी चपला काढल्या, टोपी काढली, माझ्याशेजारी टेकले आणि हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं रं?"

मी म्हटलं, "तुम्हीच."

"कवा?" म्हणाले.

मग त्यांना आकाश दिसला. आकाशला ते दिसले. पुढचं मला लिहिता येत नाही, आत्या. एवढंच सांगतो की कोंडिबा म्हणाले, "आरं, मी हाय की," आणि पोराने त्यांना सोडलंच नाही. आम्ही सगळे लाडू खात उभे होतो. सुतकाचे की लग्नाचे, ते कुणालाच कळत नव्हतं.

संध्याकाळी नमिता आली. दारातूनच पदर नाकाला लावून सरळ बाल्कनीत गेली आणि ओरडली, "अहो, हे काय पाळलंय?" तेव्हा खुलासा झाला : मेल्या उंदरासारखा तो वास माझ्या फुलाचाच! मी सोसायटीभर जाऊन सांगून आलो. निम्मे चिडले, निम्मे फुलाचा फोटो मागायला लागले. आकाश अजून वरच आहे. उद्या सून येतेय म्हणतात.

थोरांना नमस्कार, कोंबड्यांना दाणे.
तुझा अरविंद

ता. क. फोन का केला नाही, तर कांद्याच्या बाजूला आलेलं पिल्लू (छोटा सुरण) नमिताने चिंच न घालताच शिजवलं. जीभ टाळ्याला चिकटून खाजतेय, शब्द फुटत नाहीत. चिंचेऐवजी आमसूल चालतं का, तेही कळव.

ता. क. दुसरं. खरं काम हे : कोंडिबांना असाच एक कांदा हवाय. त्यांनी एकट्याने येऊन विचारलं, "दरसाली फुलंल असा मिळंल का? पोरगं येतं वासाला."

ता. क. तिसरं. आत्ताच आकाश येऊन गेला. म्हणाला, "बाबांना कांदा द्या काका, पण न फुलणारा बघा. मी वासाशिवायही येतो." आता तूच सांग, कुठला पाठवतेस?