टाळ्या बाबांना, विकेट माझी

प्रिय मेव्हिस हिला (थोरली म्हणून आदराने, आणि परवा टेलिफोनवर झापलंस म्हणून जरा रागाने),

तुझे गुडघे कसे आहेत? तुझ्या नॉर्मनचा खोकला? इकडे पावसाने गुलाब कुजले, आणि माझी नवी कवळी अजून माझं ऐकत नाही. बाकी खुशाल.

तुझं म्हणणं, रविवारी मी वृद्धाश्रमात यावं आणि बाबांना माझी ती नक्कल करू द्यावी. बाबा मला ओळखत नाहीत, तुला नर्स समजतात, पण ती नक्कल मात्र अख्खी पाठ! मी येणार नाही. कारण तुला ठाऊक आहे, तरी सांगतो. आजवर बाबाच ते सांगत सुटले, मला कुणी विचारलंच नाही.

कौंटीकडून, म्हणजे जिल्ह्याच्या संघाकडून, मी खेळलो तो एकच सामना, आपल्याच गावच्या समुद्राकाठच्या मैदानावर. (संघातल्या कॅटरमोलची पाठ धरली म्हणून त्याच्या जागी माझी वर्णी लागली, हे बाबा रंगमंचावर प्रत्येक प्रयोगात आवर्जून सांगायचे.) काय दिवस होता गं तो! खारा वारा, कापलेल्या गवताचा वास, तू काकडीची सँडविचेस घेऊन पहिल्या रांगेत. मी दोन झकास चौकार मारले. पुढचा चेंडू सोडून दिला, तो कीपरच्या हातात गेला, आणि तेवढ्यात सगळं मैदान टाळ्यांनी दणाणलं. आता आपण पडलो विंगेत वाढलेली पोरं. टाळी पडली की पुढे यायचं, टोपी काढायची, कमरेत वाकायचं. बाबांनी आपल्याला चालण्याच्याही आधी हे शिकवलेलं. मी क्रीझ सोडून पुढे आलो, टोपी काढली, वाकलो. टाळ्या होत्या बाबांना! धक्क्यावरच्या थिएटरातला दुपारचा प्रयोग सोडून गावाचा हा लाडका विनोदी नट नुकताच पॅव्हेलियनच्या दारात उगवला होता. त्यांच्या म्हाताऱ्या कीपरने, टॅटरसॉलने, मागे शांतपणे बेल्स उडवल्या. "माफ कर हं पोरा," तो म्हणाला, "पण एवढ्या अदबीने कुणी विकेट दिली, तर नाही कसं म्हणायचं?"

मग पाऊस आला, कॅटरमोलची पाठ सुटली, माझी कारकीर्द आटोपली. त्याच आठवड्यात बाबांनी छत्रीची बॅट करून ते सगळं रंगमंचावर आणलं. दूधवाला मला पाहून वाकायचा. माझ्या लग्नात पाद्रीसुद्धा वाकला. हसू नकोस. मला ते फार लागलं, मेव्हिस. आपल्या हकबींच्या घरात एकच गोष्ट माझी स्वतःची होती, तीही बाबांनी नेली.

तेव्हा रविवारी मी येत नाही. हे शेवटचं.

तुझा धाकटा,
लायनेल

ता. क. बाबा प्रयोग सोडून आले होते, हे वर लिहून गेलो आणि हात थांबला. न्यूमोनियातसुद्धा त्यांनी कधी प्रयोग सोडला नव्हता ना गं?

आणखी ता. क. माझी बॅट तुझ्या माळ्यावर आहे. रविवारी घेऊन ये. छत्री नको, यावेळी मीच खेळतो. बाबांची खुर्ची दारातून आत आणशील, तेव्हा तिथल्या सगळ्यांना टाळ्या वाजवायला सांग, चांगल्या जोरात. त्या कुणासाठी आहेत हे या खेपेला मला ठाऊक असेल. तरी मी वाकेन.