कोमलची ओटी आणि होडीचा हिरवा दिवा

॥ द्रोणागिरी माता प्रसन्न ॥

करंजा, ता. २० डिसेंबर २०१६

सातपाटी मुक्कामी थोरल्या नणंदबाई भीमाबाई यांना धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार (गुडघा धरलाय म्हणून कमरेपर्यंतच वाकले, बाकीचा समजून घ्या). वन्सं, तुमची शुगर कशी हाय? भात कमी केलात का? नसेलच केला. इकडं सगळं बरं हाय. तुमच्या घराचं काम चाललंय म्हणून तुमी जी पत्र्याची पेटी आमच्याकडं ठेवलीत ती माळ्यावर सुखरूप हाय. उंदीर नाय, वाळवी नाय, कुलूप जागच्या जागी. तिची काळजी करू नका. फोन न करता पत्र लिहिते, कारण फोनवर तुमी मला बोलू देत नाय आणि मला हे एका दमात सांगायचंय. शाळा चौथीपर्यंतच झाली, अक्षर म्हणजे कोंबडी चालून गेल्यासारखं, पण वाचा.

तर मी परवा रविवारी पनवेलला ‘सात सया’ बघून आले. टीव्हीवर नाय, समोर. तुमी नाक मुरडणार हे मला इथं बसून दिसतंय, म्हणून आधी सांगून घेते. सात सया म्हणजे सात पोरी. गातात, नाचतात, दर रविवारी सकाळी दहाला टीव्हीवर येतात, आज नऊ वर्षं झाली. सातींचे सात रंग, आणि ज्या रंगाची ओढणी तोच तिचा मान. एखादी सोडून निघाली की तिच्या अंगावरची ओढणी काढून नव्या पोरीला घालतात. अशा पोरी बदलत जातात पण सया सातच राहतात (आपल्या होडीसारखं, फळी बदलली, इंजिन बदललं, तरी होडी तीच). माझी हिरवी. कोमल तिचं नाव. पहिल्या दिवसापासून डाव्या टोकाला उभी. पुढं कधी आली नाय. पुढं येणाऱ्या लाल आणि पिवळ्या, त्यांचे केस बघायचे, दात बघायचे, आणि निळी सूर विसरली की मागून तिचा सूर धरायचा कुणी, तर कोमलनं. हे कुणाला दिसत नाय. मला दिसतं, कारण मासळीबाजारात टोकाला मीपण बसते.

आणि तुमाला ते वादळाचं साल आठवतं ना, तुमचा भाऊ दोन दिवस परतला नव्हता. तेव्हाही रविवार होता. चूल पेटवली नव्हती, बायका येऊन रडून जात होत्या (माझ्या आधी त्याच रडत होत्या, म्हणून मला राग आलेला). आमच्या लेकीनं, किशोरीनं उगाच टीव्ही लावला. कोमल तापानं लाल झालेली, आवाज फाटलेला, टोकाला उभी राहून गात होती. सात कडवी गायली. बसली नाय. मी म्हटलं, ही पोर उभी हाय तर आपल्याला बसून चालणार नाय, आणि उठून चहा टाकला. दुपारी होडी आली. आता होडी काय तिच्या गाण्यानं आली नाय, डिझेलनं आली. पण त्या सकाळी माझ्याजवळ ती होती, तुमी नव्हतात. हे टोचून लिहीत नाय, झालं ते लिहिते.

तर किशोरीनं सांगितलं की कोमलचा शेवटचा कार्यक्रम पनवेलच्या नाट्यगृहात हाय. मागच्या वर्षी लाल निघाली ते मी टीव्हीवर बघितलेलं. वर्षानुवर्षं राबलेली पोर, तिच्या खांद्यावरची ओढणी काढून घेतात, टाळ्या वाजवतात आणि तिला तशीच उघड्या खांद्यानं आत पाठवतात. आपल्यात निघणाऱ्या लेकीला कुणी असं पाठवतं का? मी तिथंच ठरवलं, माझी कोमल ओटी भरल्याशिवाय जाणार नाय. तांदूळ घेतले, हळदकुंकू घेतलं, नारळ घेतला, घरात एक हिरवी साडी होती ती घेतली. किशोरी म्हणाली, आई, तिकडं आपल्या पोरीच्या रंगाचा दिवा हलवायचा असतो, सगळे नेतात. मला आधी सांगायला काय झालेलं? बाजारात हिरवा दिवा शोधायला वेळ कुठाय. होडीच्या उजव्या बाजूला कायद्यानं लावतात तो हिरवा दिवा मी उतरवला, छोटी बॅटरीपण घेतली, आणि दोन्ही म्हावऱ्याच्या टोपलीत ठेवून एसटीत बसले. किशोरी दोन सीट पुढं बसली. आमची ओळख नाय अशी.

नाट्यगृहाच्या दारावर एक वॉचमन, दादू नाव, छातीवर लिहिलेलं. टोपलीत हात घालून म्हणतो, मावशी, नारळ आत नाय चालणार. मी म्हटलं का, तर म्हणे लोक फेकून मारतात. मी म्हटलं, बाबा, आमी कोळी. नारळ फेकायचाच असता तर करंज्याला दारात समुद्र हाय, पनवेलपर्यंत तिकीट काढून कशाला आले असते? तो ऐकेना. होडीची बॅटरी मात्र त्याला चालली, तिचं नियमात नाव नव्हतं म्हणे. शेवटी मी नारळाला तिथंच हळदकुंकू लावलं आणि त्याच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, आता हा देवीचा झाला, सांभाळ, नायतर तुझं तू बघ. तो नारळापासून जरा सरकून बसला.

आत माझ्या शेजारी एक अरुंधतीबाई, खांदा कॉलनीच्या, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. मला वाटलं टोपलीच्या वासानं उठून जातील. तर त्यांच्या हातात हिरवा दिवा, पेन्सिलीएवढा. विचारलं, तुम्हीसुद्धा कोमलच्या? मी म्हटलं, नऊ वर्षं. त्या म्हणाल्या, मी आठ, पहिलं वर्ष चुकलं, आणि वन्सं, बाईंनी मान खाली घातली, जशा काय माझ्या पाया पडायच्याच बाकी होत्या. मग पडदा वर गेला, सगळ्यांनी दिवे काढले, मीपण तारा जोडल्या. आता तो दिवा दर्यातून मैलावरून दिसावा म्हणून बनवलेला. पुढच्या चार ओळी हिरव्यागार झाल्या, लोकांची टकलं कैरीसारखी दिसायला लागली. सगळे मागं वळून ओरडले. अरुंधतीबाई उठून त्यांच्यावर ओरडल्या. कोमलनं मात्र डोळ्यांवर हात धरून बघितलं आणि हसली, आणि पुढं दोन तास, खोटं सांगत नाय, ती माझ्याकडं तोंड करून गायली. टीव्हीत तिचा आवाज अर्धाच येतो. समोर ऐकला तर माझ्या हातावर काटा आला. मी रडले नाय. अरुंधतीबाई रडत होत्या, त्यांचा रुमाल पुरेना म्हणून मी माझा पदर दिला, एवढंच.

मग ती वेळ आली. हिरवी ओढणी काढली, एका सोळा वर्षांच्या पोरीला घातली. कोमल मोकळ्या खांद्यानं हात जोडून उभी. मी उठले, एका हातात दिवा, एका हातात टोपली. दोन पोरगे अडवायला आले, पण दिवा तोंडावर धरला की माणूस आपोआप बाजूला होतो. मंचाखाली उभी राहून म्हटलं, ए कोमल, माहेरून अशी मोकळी जाऊ नको गं, खाली बस. आणि बसली, वन्सं. मंचाच्या कडेला येऊन मांडी घालून बसली. मी तांदूळ काढले आणि बघते तर पंचाईत, पोरीला पदरच नाय, ओटी घालू कशात? मग साडीची घडी मोडली, तिच्या खांद्यावरून घेतली आणि पदर पुढं पसरला. त्यात तांदूळ घातले. नारळ म्हणायला तोंड उघडलं, तर मागून दादू धावत आला, नारळ दोन्ही हातांत धरून, चपला बाहेर काढून. कोमल म्हणाली, मावशी, टोकाला उभं राहिलं की समोर अंधार दिसतो, आज पहिल्यांदा कळलं कुणाकडं बघून गायचं. मी म्हटलं, नीट जेवत जा. सगळं नाट्यगृह उभं राहिलेलं. ती साडी नेसल्यासारखी अंगावर घेऊनच आत गेली. मोकळी गेली नाय.

थोरल्यांना नमस्कार, धाकट्यांच्या पाठीवरून हात फिरवा.

तुमची भावजय
गुणाबाई

ता. क. दिवा माझ्याबरोबर पनवेलला असल्यानं त्या दिवशी होडी बंदरातच राहिली. तुमचा भाऊ तीन दिवस माझ्याशी बोलत नाय. तसं शांत वाटतंय, पण तुमी थोरल्या, दोन शब्द समजावून सांगा.

दुसरा ता. क. पेटीचं कुलूप जागच्या जागी हाय असं वर लिहिलंय ते खरं हाय. किल्ली तुमीच माझ्याकडं दिलेली. भाऊबीजेला आमी दिलेली ती हिरवी साडी उलगडून तुमी चारचौघींत म्हणालात की हा रंग भिकार हाय, कुणी निवडला, आणि ती याच पेटीत टाकलीत. तेव्हा मी गप्प बसले, कारण मीच निवडलेला. तो रंग कसा दिसतो ते आता सगळ्या पनवेलनं बघितलंय.

तिसरा ता. क. त्या साडीतला ब्लाउजपीस तुमी रंगाला नावं ठेवूनही तेव्हाच कापून शिंप्याकडं दिलात. तो लगेच पाठवून द्या, पोरीचा पत्ता अरुंधतीबाईंनी मिळवलाय. शिवून झाला असेल तरी चालेल. कोमल बारीक हाय, उसवला तर तिचे दोन होतील.